मागच्या गाडीचा डावा दिवा

अ‍ॅनिकाने ते वाक्य बोलायला नको होतं. पण रविवारच्या जेवणात, कुस्करलेल्या बटाट्यांचं भांडं या हातातून त्या हातात फिरत असताना, ती बोलून गेली, "त्यात काय एवढं? वायरिंग मी करते."

नवरा कर्ट काटा हवेत धरून बघत राहिला. (तो बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी घरातले दिवे जातात, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नव्हतंच.) आठ महिन्यांच्या हॅझलनेसुद्धा गाजर चघळायचं थांबवलं. सासरे ऑर्विल सावकाश तोंड पुसत म्हणाले, "कर की, पोरी. शनिवारी सकाळी नऊला मी तपासतो."

प्रकरण असं होतं. ऑर्विल आपलं मोटरहोम, म्हणजे पलंग, शेगडी आणि संडाससकट चाकांवरचं घर, तीन आठवडे द्यायला तयार झाले होते. हॅझलला समुद्र दाखवायचा, आयोवापासून थेट ओरेगनपर्यंत. पण एकदा मुक्काम टाकला की साधं दूध आणायलाही अख्खं घर हलवावं लागतं, म्हणून मागे स्वतःची छोटी गाडी ओढत न्यायची. आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचे दिवे पुढच्या गाडीच्या तालावर चालायला हवेत. पुढे ब्रेक दाबला की मागे लाल; पुढे डावीकडे वळायचं ठरलं की मागेही डावा इंडिकेटर. एकही दिवा चुकला तर ऑर्विलचं म्हणणं सरळ होतं, "मग मी येतो बरोबर. चालवतोही मीच."

चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचणार, दर तासाला "कुणाला जायचंय का?" म्हणून विचारणार आणि आठच्या ठोक्याला सगळ्यांना झोपवणार. तीन आठवडे!

बाळ झाल्यापासून अ‍ॅनिकाचा स्वतःवर काडीचा भरवसा उरला नव्हता. शेगडी बंद केली का, हे ती दोनदा बघे. आणि दोनदा बघितलं का, हे आठवेना म्हणून तिसऱ्यांदा. अशी बाई हॅझलच्या चाळीस-चाळीस मिनिटांच्या झोपांमध्ये गाडीखाली पाठीवर सरपटली आणि चार रंगांची वायर तिने गाडीच्या तोंडापासून शेपटापर्यंत नेली. पिवळी डाव्या दिव्याला, हिरवी उजव्या, तपकिरी मागच्या लाल दिव्यांना आणि पांढरी गाडीच्या लोखंडाला.

बुधवारी पहिली चाचणी. कर्ट मोटरहोममध्ये स्टिअरिंगवर, अ‍ॅनिका मागे.

"डावा दे!"

"दिला!"

"अरे डावा म्हटलं, दोन्ही मिणमिणतायत!"

"डावाच दिलाय गं!"

"ब्रेक दाब!"

सगळे दिवे विझले.

"आता कसं दिसतंय?"

"बाबांची बॅग भरलेली दिसतेय," अ‍ॅनिका म्हणाली.

मग माहितीपत्रक एका हातात आणि हॅझल कडेवर घेऊन ती बसली. पाचव्या वाचनात कळलं, की पांढऱ्या वायरचा स्क्रू तिने रंगावरच पिळला होता, आणि रंगातून वीज जात नाही. तिने रंग खरवडून लोखंड उघडं केलं, स्क्रू पुन्हा पिळला. शुक्रवारी कर्ट कामावर. मागे उभं राहून बघायला कोणी नाही. तेव्हा तिने हॅझलच्या पाळण्यावरचा कॅमेरा काढला, गाडीच्या मागे घडीच्या खुर्चीवर ठेवला आणि मोटरहोममध्ये बसून ब्रेक दाबत मोबाइलवर बघितलं. लाल! तिने अकरा वेळा दाबून खात्री केली. (बारावी वेळ मनातल्या मनात.)

शनिवारी ऑर्विल पॅड-पेन्सिल घेऊन आले. डावा, उजवा, ब्रेक. प्रत्येकावर बरोबरची खूण. शेवटी ते "हं" म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला याहून मोठी शाबासकी दिली नव्हती. किल्ली अ‍ॅनिकाच्या हातात पडली.

"मोटरहोमचा मागचा कॅमेरा बंद आहे ना, बाबा? मग खुर्चीवरचा हाच उचलून मागे चिकटवते. गाडीवर लक्ष राहील."

आणि नेमकं तेव्हाच हॅझलने डायपरचा असा काही निकाल लावला, की अ‍ॅनिकाला तिला घेऊन आत पळावं लागलं. पोर धुऊनपुसून खुर्चीत बांधेपर्यंत कर्ट स्टिअरिंगवर होता.

"सगळं झालं ना रे?"

"झालं!"

ते निघाले. अ‍ॅनिकाची नजर मोबाइलवर. गाडी मागे होती, जराही डुगडुगत नव्हती.

"किती मऊ चालवतोस रे!"

कर्ट खुलला. दोन मैलांवर डावं वळण आलं.

"डावा दिलास?"

"दिला."

"लागत नाहीये! ब्रेक दाब!"

ब्रेक दाबला. मागच्या कपाटातून सूपचे डबे घरंगळत पुढे आले.

"तोही नाही! उजवा दे बघू!"

"वळायचंय डावीकडे आणि उजवा कशाला? मागचे लोक हॉर्न मारतायत!"

कर्टने मोटरहोम कडेला घेतलं. अ‍ॅनिकाचे डोळे भरून आले. "मला माहीतच होतं. ती पांढरी वायर."

इतक्यात मोबाइलच्या पडद्यावर दोन सपाता आल्या. सपातांच्या वर ओळखीची पँट. भर हमरस्त्यावर, हातात कॉफीचा मग घेऊन, सासरे चालत आले आणि वाकले. पडदाभर नाक झालं.

"पोरी," कॅमेऱ्यातून आवाज आला, "वायरिंग झकास आहे."

"बाबा! तुम्ही तिथे कसे?"

"मी कुठे जाणार? मी घरीच आहे. गाडीपण घरीच आहे, आणि हा कॅमेराही खुर्चीवरच."

अ‍ॅनिकाने हळूच कर्टकडे बघितलं. "ओढायचा दांडा तू जोडलास ना?"

"मी? मला वाटलं, आठवडाभर सगळं तूच करतेयस, तर तेही केलं असशील."

"आणि मी डायपर बदलत होते ते?"

"आणखी एक," नाक म्हणालं. "पुढच्या गाडीतून मागची गाडी बघितली, तर तिचं तोंड दिसतं. शेपूट नाही."

जिला जगातल्या प्रत्येक गोष्टीची शंका येत होती, तिला नेमकी ही एक आली नव्हती.

"आम्ही वळून येतो, बाबा."

"एवढं धूड वळवणार कुठे? मीच आणतो गाडी."

पडद्यावर त्यांनी दोन गाड्यांमधली, मोटरहोम निघताना तुटून पडलेली केबल गुंडाळून आत टाकली. मग पट्ट्याने आवळलेली एक जुनी बॅग डिकीत ठेवली. ती गच्च भरलेली होती, आणि वरून उशीही बांधलेली होती. ते गाडीत बसले. डावा दिवा सुरेख लुकलुकू लागला.

"लागतोय का गं?" खिडकीतून आवाज आला.

"लागतोय, बाबा," अ‍ॅनिका म्हणाली.

"मग मी पोचेपर्यंत ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन घ्या. नंतर तासभर थांबणार नाही."