ताटाखालचे पैसे

शिलाईच्या दुकानासाठी कर्ज हवं म्हणून रेणुकानं यंदा पहिल्यांदाच इन्कमटॅक्सचं रिटर्न भरायला घेतलं, आणि टॅक्सवाल्या किशनरावांचं बोट पासबुकात अडकलं.

"दर तीन तारखेला पाच हजार जमा. हे कशाचे हो?"

"अप्पा देतात. जेवणाचे."

"म्हंजी खानावळ हाय का तुमची?"

खानावळ कसली! रेणुकाचे वडील शेषेराव गुरुजी पेन्शन जमा झाली की दर दोन तारखेला कंधारहून लातूरला येत. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये, हा त्यांचा जुना बाणा. लेकीची ओढाताण दिसत होती, पण मदत म्हटलं तर जावयाला लागायचं. म्हणून जेवण झालं की ताटाखाली नोटा सरकवायच्या आणि साडेतीनची बस गाठायची. लग्नाला बारा वर्षं झाली, गुरुजी एक रात्र राहिले नाहीत. रेणुका मात्र दर एक तारखेला गादीला ऊन दाखवायची. पैशापेक्षा तिला अप्पांचा मुक्काम हवा होता.

"खानावळ असल तर उत्पन्नात धरावं लागल," किशनराव म्हणाले. "बापानं लेकीला प्रेमानं दिले असतील तर कर न्हाई. या कागदावर त्यांची सही आणा."

दोन तारखेला गुरुजी आले, जेवले, ताटाखाली नोटा सरकवल्या. रेणुकानं कागद पुढं केला. गुरुजींनी चष्मा लावून तो परीक्षेचा पेपर तपासावा तसा वाचला.

"'प्रेमापोटी दिले, मोबदल्यात काहीही घेतले नाही.' हे खोटं हाय."

"खोटं काय त्यात?"

"अन् मी दर महिन्याला भरीत-भाकर हाणून राहिलो, ते काय हाय?"

"मग जेवणाचे म्हणून लिहा. भरते मी कर. तुमची लेक खानावळवाली म्हणून सरकारात नोंद हुईल, होऊ द्या."

"शेषेरावची लेक खानावळवाली?" गुरुजी ताडकन उठले आणि पुन्हा पाटावर बसले. पोरांना खरं बोला म्हणून शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, इकडे आड तिकडे विहीर असा अडकला. घड्याळात सव्वातीन झाले. "जावईबापूंना काय वाटल?"

"त्यांना वाटतं, अप्पा आपल्याला परकं समजतात." रेणुकानं कागद पुन्हा पुढं सरकवला. "मलाबी तेच वाटतं."

गुरुजींनी सही केली. खाली आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली : 'ही रक्कम माझ्या माघारी रेणुकाच्या वाट्यातून कापू नये.' मग ताट सरकवून आजच्या नोटा उचलल्या आणि सरळ खिशात घातल्या.

"हे काय, अप्पा?"

"सही केली न्हवं? म्हंजी फुकटच खाल्लं मी. मग हे कशाला?" गुरुजींनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "बारा वर्षं फुकट खाल्लं, आता आजच्या रातीचं तरी कशाला सोडू? एखादी गादी हाय का घरात?"