चावलेला नान

"थंडी म्हणजे काय ते मला विचारा!" ओराझाली छाती फुगवून म्हणाला. "उणे चाळीस, अंगावर एकच कोट, आणि मी छावणीच्या फाटकावर दोन तास पहाऱ्याला! पोरीला आठवड्यात पोलादी करून पाठवतो!"

पोरगी म्हणजे झानेल. वय सोळा. तिच्या शाळेची मुलं जानेवारीत पंधरा दिवस लष्करी छावणीला निघाली होती. गावापासून दोनशे किलोमीटरवर, स्तेपच्या उघड्या गवताळ माळावर. ओराझाली स्वतः बॉयलरघरात फिटर. म्हणजे गेली बावीस वर्षं तो गावातल्या सगळ्यात उबदार खोलीत बसत होता; पण हा विषय घरात कुणी काढत नसे.

तालीम सुरू झाली. काडी पेटवायची आणि ती विझायच्या आत सगळे कपडे चढवायचे. पहिल्या दिवशी झानेलचा एकच मोजा चढला. तिसऱ्या दिवशी ती बूट बांधून सावधान उभी होती, आणि बाबा भाजलेलं बोट तोंडात घालून!

"आता पायाला फडकं गुंडाळायला शीक."

"बाबा, हल्ली मोजे देतात."

"मोज्यांनी कुणी लढाया जिंकल्यात का?" असं म्हणून त्याने स्वतःच फडकं गुंडाळलं, तीन पावलं रुबाबात टाकली आणि चौथ्याला फडक्यात पाय अडकून थेट चुलीपाशी पोचला.

निघायचा दिवस उजाडला. बस शाळेतून एक वाजता. शेवटचा धडा म्हणून ओराझाली जुना लष्करी कोट चढवून घराच्या फाटकात पहाऱ्याला उभा राहिला. कोटाची बटणं लागेनात. बाहेर उणे एकतीस!

झानेलने दोन मिनिटं पाहिलं. "कळलं बाबा," म्हणाली आणि आत पळाली. तोही गेला असता, पण समोरून शेजारचा तोक्तार आला.

"काय रे, वहिनीने हाकलून दिलं?"

"पहारा देतोय! दोन तास!"

"बरं बरं. मी खिडकीतून बघतोच."

झालं! आता हलणार कसं?

इकडे घरात त्याच्या बायकोने, रिस्तीने, भट्टीतून नान काढले. रीत अशी, की घरातून लांब निघालेल्याने ताज्या नानाचा एक घास चावायचा. उरलेला नान घरात टांगून ठेवायचा. माणूस परत आला की तो संपवतो. तोवर कुणी हात लावायचा नाही. रिस्तीचा भाऊ सैन्यात गेला, तेव्हा त्याचा नान दोन वर्षं भिंतीवर होता आणि भाऊ धडधाकट परतला. झानेलने घास चावला. रिस्तीने नान टेबलावर ठेवला, खिळा नवरा ठोकेल म्हणून. मग मायलेकी बॅगा घेऊन मागच्या दाराने मावशीकडे निरोपाला गेल्या.

पन्नास मिनिटांनी ओराझालीला आपले पाय जाणवेनासे झाले. तोक्तार गेला खड्ड्यात! तो घरात शिरला. उणे एकतीसमधून गरम खोलीत आल्याबरोबर त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याला दिसलं एवढंच की टेबलावर काहीतरी गोल आहे. चहा, साय आणि ते गोल. चट्टामट्टा!

झानेलला परस्पर शाळेत पाठवून रिस्ती नवऱ्याला न्यायला परतली.

"अहो, टेबलावरचा नान?"

"झकास होता. मीठ जरा कमी."

रिस्तीने दुसरा नान त्याच्या हातात कोंबला. "पोरीचं परत येणं खाल्लंत हो तुम्ही! पळा! दुसरा चावून घ्या तिच्याकडून!"

ओराझाली हातात नवा नान घेऊन दोन किलोमीटर धावला. पातळ, पसरट वस्तू लवकर गोठते, हे खरं तर बॉयलरवाल्याला माहीत असायला हवं. बस सुटता सुटता तो तिच्यापुढे हात आडवे करून उभा राहिला.

मुलांना छावणीत न्यायला आलेला कॅप्टन दोसान खाली उतरला. "काय आहे हे?"

"नान... पोरीने... एक घास..." धापा टाकत त्याने सगळं सांगितलं.

झानेलने दात रोवले. "बाबा, हा दगड आहे!"

कॅप्टनने घड्याळ पाहिलं. लष्कराची बस कुणासाठी थांबत नसते. पण कॅप्टनही आईचाच मुलगा! "हीटरवर ठेवा," तो पुटपुटला.

नान मऊ झाला. झानेलने घास घेतला. ओराझालीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "काका, माझी आई खाणीत पाळीवर आहे. माझा राहिलाय."

"घे बाळा, घे!"

मग दुसरा. मग तिसरी. मग बसमध्ये रांगच लागली.

"मीशा, तुम्हा रशियन लोकांत कुठे असतं हे?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"नसतं. पण मलाही परत यायचंय ना!"

एकतिसांचे घास झाले. कॅप्टनने इकडेतिकडे पाहिलं, मुलांकडे पाठ केली आणि बत्तिसावा घास घेतला.

बस गेली. पोस्टाच्या तिकिटाएवढा उरलेला नान दोन्ही हातांत जपत ओराझाली घरी आला. दारात रिस्ती खिळा-हातोडी घेऊनच उभी होती. तिने तो तुकडा पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अग, बसमधल्या बत्तीस जणांनी..."

"पुरे!" रिस्ती म्हणाली. "घरी येईपर्यंत तरी धीर धरायचा होता!"