सूनबाई, आ करा

आमच्या वाशीच्या इमारतीत कुणाला दिवस गेले की शेजारी पेढे मागत. दामूअण्णा मात्र खिशातून छोटी बॅटरी काढून म्हणत, “सूनबाई, आ करा.”

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नव्या कांदा-बटाटा बाजारात ते हिशेबनीस होते. दाताच्या विद्येशी संबंध शून्य. पण जिन्यात गाठून विचारायचे, “उलटी झाली? आधी चूळ भरा, ब्रश मागाहून. मिश्री लावता? फेकून द्या!” डोहाळजेवणाला नारळासोबत मऊ ब्रश द्यायचे. बायका त्यांना पाहून दार लोटून घेत.

“मेला गुरांच्या बाजारात आलाय का दात बघायला?” माझी आई म्हणायची.

पाचव्या महिन्यात माझ्या बायकोची, लताची, दाढ ठणकू लागली. गाल सुजला, जेवण सुटलं. आईनं बजावलं, “पोटुशीनं दाताला हात लावायचा नसतो. बाळंत झाल्यावर बघू.” आणि मिश्री भाजून दिली. मी मान डोलावली. आईपुढं मान डोलावणं हा माझा जुना आजार. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दामूअण्णांना दारातूनच गाल दिसला.

“चप्पल घाल,” ते मला म्हणाले.

“आई नको म्हणते, अण्णा.”

“आई उपाशी आहे का? उपाशी ही आहे, आणि पोटातलं.”

दातांचे डॉक्टर म्हणाले, पाचव्या महिन्यात उपचाराला हरकत नाही. पू तसाच ठेवणं वाईट. त्यांनी तो तिथंच काढला. संध्याकाळी लता मऊ भात पोटभर जेवली.

आभार मानायला मी प्रथमच अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, चहा ठेवला. “परवा गाभण मांजरीलाही ‘आ कर’ म्हणाले हो!” त्यांना हसू फुटलं आणि हात चटकन तोंडावर गेला. पुढचे दात नव्हते.

“कवळी सोसत नाही तिला,” अण्णा हळूच म्हणाले. “चार बाळंतपणं. दर वेळी दाढ धरून रडायची. दर वेळी मीच म्हणालो, बाळंत झाल्यावर बघू.”

काकूंचा हात तोंडावरच होता. अण्णा उठले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“हस गं मोकळी. मी नाही बघत.”

मीही मान खाली घातली. थोड्या वेळानं हसण्याचा आवाज आला.