पाच जणांचा एकच नवरा

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर पाच जण बसले होते. बसले होते म्हणायचं एवढंच. बेकरीवाल्या मावशींनी पर्सची चेन अकराव्यांदा उघडून ओळखपत्र जागेवर असल्याची खात्री केली. स्पॅनिशचा हा दाखला मिळाला तरच परदेशातल्या लेकीकडे वर्षभर राहायची परवानगी मिळणार होती, आणि लेकीला आठवा महिना लागला होता.

घोळ झाला होता तो सत्राच्या सुरुवातीलाच. 'माझं कुटुंब' हा मावशींचा निबंध इतका झकास उतरला की शिकवणाऱ्या बाईंनी तो दुरुस्त करून, झेरॉक्स काढून वर्गभर वाटला. नमुना म्हणून. पण नोकऱ्या सांभाळून शिकणारी मोठी माणसं ती. नमुना हातात पडताच त्यांनी तो पाढ्यासारखा घोकला. बेकरीवाला नवरा, दोन कुत्री, सासूचा गुडघा, सगळं.

दंतवैद्यबाई आत जाऊन हसत बाहेर आल्या. नर्सही. वकीलसाहेबांचं लग्न व्हायचं होतं, तेही सासूच्या गुडघ्यासकट सुटले. मग बसड्रायव्हर घाम पुसत आला.

"अहो, तुम्ही 'नवरा' नाही ना म्हणालात?" मावशींनी धसक्यानं विचारलं.

"म्हणालो की. एक शब्द हलवला की मागचं सगळं ढासळतं, मावशी."

शेवटी मावशी आत गेल्या. माझा नवरा बेकरी चालवतो, असं म्हणताच परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि दोन कुत्री?"

"हो."

"सासूचा गुडघा?"

"डावा," मावशी म्हणाल्या.

"हे कुटुंब आता माझ्या चांगल्या ओळखीचं झालंय. पाठ केलेल्याला मी गुण देत नाही."

मावशींच्या डोळ्यांपुढे लेक, विमान, सगळं गरगरलं. आणि मग त्यांचा तोल सुटला. संसार माझा, त्या तडातडा स्पॅनिशमध्येच म्हणाल्या, सत्तावीस वर्षं पीठ मी मळते, सासूचा गुडघा मी चोळते, आणि तो परस्पर वाटून घेतला बाहेरच्या चौघांनी. आता ह्यांच्यापायी माझी लेक एकटी बाळंत होणार. वकिलाचं लग्न का जमत नाही इथपासून ड्रायव्हरनं स्वतःच्या बायकोचं एवढं कौतुक कधी घोकलंय का इथपर्यंत मावशी पोचल्या. काळ चुकले, क्रियापदं अडखळली, धार मात्र कुठे कमी पडली नाही. परीक्षकबाई फक्त अधूनमधून "मग?" म्हणत होत्या.

वेळ संपली. परीक्षकबाईंनी गुण भरले, सही केली आणि हळूच विचारलं, "लेकीकडे कधी निघताय?"

बाहेर चौघं ताटकळत उभी होती.

"मावशी, काय काय विचारलं?"

"माझं काही विचारलंच नाही," मावशी म्हणाल्या. "सगळा वेळ तुमच्याबद्दलच बोलणं चाललं होतं."