धोंड्याची होडी

दोन हजार एक सालच्या अधिक महिन्यात सुदर्शनरावांनी एक साधासा निश्चय केला: या खेपेला सासुरवाडीत रुसायचं नाही. (निश्चय तसा बायकोचा होता; यांनी फक्त मान हलवली होती.)

"थोरल्या दाजींनी मागच्या धोंड्याला रुसून बाबांकडनं मोटारसायकल काढली," वृषालीनं घोडेगावच्या स्टँडवरच बजावलं. "तुमी तसलं काय केलंत तर मला म्हायेरी तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

"अगं, मी पंचायत समितीतला कारकून. रुसणं साहेब लोकांना शोभतं!"

सासरे चांगदेवराव यांचा मळा ओझरजवळ, येडगाव धरणाच्या पाण्याला लागून. जावयाचे पाय धुतले गेले, सासूबाई बयाबाईंनी ओवाळलं आणि पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार सुरू झाली. प्रेमानं वाढावं कसं, ते बयाबाईंकडून शिकावं. सुदर्शनराव नको म्हणून ताटावर हात आडवा धरत, तर त्या हातावरच तूप सोडत. शेवटी जावईबापू उठले ते खांबाला धरून.

तेवढ्यात मेहुणा ऋषी जीपच्या टपावर एक लालभडक होडी बांधून आला. पुण्यात नोकरी करणारा ऋषी सुट्टीच्या दिवशी कयाकिंगला जागा शोधत हिंडायचा.

"खडकवासला झालं, पानशेत झालं, मुळशी झालं," तो म्हणाला. "पण दाजी, आपल्या दारातलं पाणी म्हंजी एक नंबर!"

होडी अरुंद, मधे एकच भोक, त्यात पाय सोडून बसायचं. बघायला भावकी लोटली. हौशी चांगदेवरावांनी जेवणावळीत वाजवायला बोलावलेला हलगीवाला बहिरूही काठावर आला.

"पयला मान जावयाचा!" चांगदेवरावांनी जाहीर केलं.

सुदर्शनरावांना पोहता येत नव्हतं. पण एवढ्या भावकीत ते सांगणार कसं? ते एवढंच म्हणाले, "नको."

धोंड्याच्या महिन्यात जावई नको म्हणाला की त्याचा अर्थ एकच होतो. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"पावणं रुसलं जणू. टावेल-टोपी आणा!"

"अहो मामा, खरंच नको."

"बरं, सफारीचं कापड!"

"पाया पडतो तुमच्या, नको!"

"ह्यो थोरल्याच्या वरताण निघाला राव," चुलतसासरे गेणभाऊ कुजबुजले. "ट्रॅक्टरवर डोळा दिसतोय."

चांगदेवराव निमूटपणे बोटातली अंगठी ओढू लागले. तेव्हा वृषालीनं नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की सुदर्शनरावांना धरण बरं वाटलं. ते धावत गेले आणि होडीत बसले. बसले म्हणजे, दोघांनी खांदे दाबले तेव्हा आत गेले. (तरंगायचं जाकीटही चढवलं, पण पट्टे पोटाच्या अलीकडेच थांबले.)

ऋषीनं होडी ढकलली आणि खरं सांगायचं तर सुदर्शनराव हरखले. हिरवंगार पाणी, पलीकडे ऊस, मागे निळे डोंगर, आणि वल्हं नुसतं टेकवलं तरी होडी आपसूक पुढे. इतकी वर्षं या गावाला येऊन आपण फक्त जेवलो, याचं त्यांना वाईट वाटलं.

मग वारा सुटला. होडी काठ सोडून आडवी पळू लागली, वळवावी तर वळेना, उतरावं तर भोकातून कंबर निघेना.

"वाचवा!" सुदर्शनराव ओरडले.

"काय म्हणत्यात?" काठावर चांगदेवरावांनी कानाला हात लावला.

"वाजवा म्हणत्यात!" गेणभाऊ म्हणाले.

"मंग बघतो काय, बहिरू? हाण!"

हलगी कडाडली. सुदर्शनराव जितक्या जोरानं ओरडत, तितकी ती चढत गेली. पोरं नाचली. बयाबाईंनी लांबूनच जावयाची दृष्ट काढली. "दाजी, लई भारी!" ऋषी टाळ्या पिटत होता.

पण नवऱ्याचा आवाज कौतुकानं चढतो कधी आणि भीतीनं चिरकतो कधी, हे वृषालीला कळत होतं. वारा होडीला जिकडे नेत होता तिथं पाण्याखाली तिच्या माहेरचंच जुनं, धरणात गेलेलं वावर होतं. तिनं पदर खोचला, बांधाबांधानं पाण्यात शिरली आणि होडीचं नाक धरलं.

"हलू नका."

"इथं पाणी किती आहे गं?"

"माझ्या कमरेएवढं."

अशी बायको आपल्याला मिळाली, या विचारानं सुदर्शनरावांचे डोळे भरून आले.

काठावर येताच वृषालीनं हसून सांगितलं, "ह्यांना वाजवलेलं लई आवडलं. च्याची तलफ आली म्हनून फिरले माघारी!"

भावकीनं जयजयकार केला. अर्धी किटली गोडेतेल ओतून जावईबापूंना होडीतून सोडवलं, तेही वाजतगाजत. अंगठी चांगदेवरावांच्याच बोटात राहिली.

परतीच्या एसटीत सुदर्शनरावांची कॉलर ताठ होती. "काही म्हण, असा मान कुठल्या जावयाला मिळाला नसेल."

"तर! बाबा तर म्हनले, फुडच्या धोंड्याला बहिरूला दुसऱ्या होडीत बसवून तुमच्या मागंच सोडायचा."

"तो कशाला?"

"म्हंजी तुमाला एवढं वरडावं लागायचं न्हाई."