बट्टी पाहणारे जिभाऊ

लोणखेड्याचे जिभाऊ कुणाच्या घरी मुलगी पाहायला गेले, तर मुलीकडे बघतच नसत. मुलीचा बाप बट्टी कशी चुरतो तेवढं बघून परत येत. एकदा सोयरीक सगळी ठरली होती, नारळ फुटायचा बाकी होता, आणि यांनी मान हलवली. का, तर व्याह्याने शेजाऱ्याच्या पत्रावळीकडे चारदा पाहिलं. जिभाऊ म्हणाले, "हाऊ माणूस न्याय मांगस, पन सोतापुरता."

माझ्या कोल्हापूरकडच्या लोकांना बट्टी ठाऊक नसेल. गव्हाच्या जाडसर पिठाचा खरपूस भाजलेला गोळा, तो हाताने चुरायचा, वर तुरीचं वरण घ्यायचं आणि त्यावर तूप. पत्रावळीला काठ नसतो, म्हणून वरण पळतं. वरण पळू लागलं की माणूस काय करतो, एवढ्यावरून जिभाऊ त्याचा स्वभाव सांगत, त्याची नीती सांगत, आणि उद्या तो राजा झाला तर राज्य कसं चालवील तेही सांगत. गावच्या प्रत्येक पंगतीत वरणाचं भांडं त्यांच्याच हातात असे, त्यामुळे तपासणी चुकवायची सोय नव्हती.

जो आधी चुऱ्याचा बांध घालतो आणि मग मधोमध वरण घेतो, तो बांधवाला. त्याच्या राज्यात चोरी होणार नाही, पण हसायलाही परवानगी काढावी लागेल. जो न बघता सगळं कालवतो आणि ज्याचं वरण शेजारच्या पानात शिरतं, तो वाहता. त्याच्या राज्यात सगळं सगळ्यांचं, फक्त सकाळी बैल कुणी सोडायचे ते ठरणार नाही. आणि जो अर्धी बट्टी पानाच्या कडेला मागे ठेवतो, तो धास्तीवाला. त्याला राज्यच नको. दाराची कडी नीट लागली की त्याचं झालं.

तो तिसरा म्हणजे मी. वडील गेल्यावर चौथीत शाळा सुटली, आणि इकडची तिकडची कामं करत विशीत शहाद्याच्या कापूस पिंजायच्या जिनात येऊन पडलो. कापसाच्या गाठींवर छापा मारायचं काम होतं. भाषा कळत नव्हती, आणि उद्या काढून टाकतील ही भीती रोजची. जिनाजवळच्या लोणखेड्यातल्या पहिल्याच पंगतीत मी अर्धी बट्टी धोतराच्या सोग्यात बांधताना जिभाऊंनी पाहिलं. ते हसले नाहीत. पानात आणखी दोन टाकल्या आणि म्हणाले, "खाय पाव्हना. उद्याबी गहू शेच." त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या ओसरीवर माझी वळकटी ठेवायला लावली. तीन वर्षं मी तिथे राहिलो, आणि तीन वर्षं पाव्हनाच राहिलो. आईला पत्रात ‘इथे एक जिभाऊ आहेत’ एवढंच लिहायचो. पुढचं लिहिता येईल इतकी शाळा झाली नव्हती.

जिभाऊंच्या डोक्यात एक गाव वसलेलं होतं. बांधवाले नदीच्या अंगाला, म्हणजे पुराची काळजी त्यांना. वाहते विहिरीपाशी. धास्तीवाले अगदी मधोमध, चारी बाजूंनी माणसांचा आवाज ऐकू यावा म्हणून. ज्याला त्याला आपल्या जागी बसवलं की माणूस भांडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पारावरची पोरं टवाळी करत, "जिभाऊ, मन्ही म्हैस कोठे बांधू?" तर ते गंभीरपणे विचारत, ती चारा कसा खाते.

त्यांचा एकुलता एक मुलगा हिरामण, पक्का वाहता. आई लहानपणीच गेलेली, बापानेच वाढवलेला. त्याचं वरण तीन पानांपर्यंत जाई. जिभाऊ वैतागत, पण तूप त्यालाच जास्त पडे.

एका वर्षी मळणी आटोपल्यावर खळ्यावर जेवणं होती. रीत अशी की पहिल्या पंगतीला सोयरेधायरे आणि शेतकरी, मग सालाने राबणारे सालदार आणि भिल्ल मजूर पलीकडे निंबाखाली. त्या दिवशी हिरामणने रुमजी सालदाराचा हात धरला आणि त्याला पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. मी पाणी वाढत होतो. जिभाऊ वरण घेऊन आले. त्यांनी हिरामणला वाढलं, आणि रुमजीचं पान ओलांडून पुढच्याला वाढलं. चुकून नव्हे. त्यांचा हात एकदा खाली आला होता, मग वर गेला.

हिरामण आवाज न चढवता म्हणाला, "आबा, तुमना गावमा समदासले जागा शे. पन ती तुम्ही ठरावतस."

त्याने आपलं भरलेलं पान रुमजीपुढे सरकवलं आणि तो उठला. रुमजीही न जेवता उठला. आठवड्याभरात दोघे विसरवाडीकडे निघून गेले. तिकडे डोंगरातल्या पोरांसाठी कुणी आश्रम काढला होता.

त्यानंतर जिभाऊंनी वरणाचं भांडं हातात घेतलं नाही. पंगतीला बोलावणं आलं की त्यांना ताप यायचा. दोन वर्षं मुलाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी बोललो तर त्यांना लागेल, नाही बोललो तरी लागेल, या काळजीत मीही गप्प. मग चैत्रात एका सकाळी म्हणाले, "पाव्हना, इसरवाडीले जावानं शे. चाल."

प्रकाशा गावाशी तापी उतरलो, नंदुरबारला गाडी धरली, खांडबाऱ्याहून पायी निघालो. वाटभर त्यांचे ओठ हलत होते. कान देऊन ऐकलं तर माफीचं एकच वाक्य घोकत होते, "मन्ही चूक व्हयनी."

पोचलो तेव्हा दुपारची पंगत बसत होती. पोरं, पाठीला लेकरं बांधलेल्या बाया, वाटेत थांबलेला एक गाडीवान. जो येईल तो रिकाम्या जागी बसत होता. चुलीपाशी रुमजी होता. तो उठून आला, "राम राम जिभाऊ" म्हणाला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं. जिभाऊ नुसते उभे राहिले. कुठे बसावं ते त्यांना कळेना. शेवटी गाडीवानाच्या शेजारी टेकले.

हिरामण उडदाची डाळ घेऊन आला. आम्हाला पाहून त्याचा हात क्षणभर थांबला. मग सगळ्यांना वाढली तेवढीच डाळ त्याने बापाला वाढली, आणि पुढे गेला. राग दिसला नाही. जिभाऊंचं तोंड उघडलं, पण घोकलेलं वाक्य बाहेर आलं नाही. तो दुसऱ्यांदा आला, "आखो वाढू का?" म्हणाला. जिभाऊंनी मान डोलावली. तिसऱ्यांदा आला, चौथ्यांदा आला. दर वेळी तेच शब्द, जे गाडीवानाला, तेच बापाला. जेवणं झाल्यावर तो पोरांना घेऊन ओढ्याकडे गेला, आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेत जिभाऊ पोट धरून एका दगडावर बसले. घाम सुटला होता. म्हणाले, "त्याना गाव खरा शे, पाव्हना. पन तठे बापले येगळी जागा नही."

मी भीत भीत विचारलं, जिभाऊ, सोसत नव्हतं तर चार चारदा घेतलंत कशाला?



"पोट ते पह्यल्या वाढपातच भरी गयथं," ते म्हणाले. "पन मी नको म्हनतू, ते तो पुढे निंघी जाता."