गावाचे जावई, वॉर्ड नंबर दोन

आमच्या गावात ग्रामसभेला माणसं उंचीप्रमाणे बसतात. बुटकी पुढे, उंच मागे. असं गाव अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरं नसेल. ही शिस्त लावली नेगी फौजींनी. आधी म्हणे धिप्पाड पुरुष पुढे बसायचे आणि मागे बायकांना नुसत्या पाठी दिसायच्या. फौजी वॉर्ड दोनमधून निवडून आले, पहिल्याच सभेत शिट्टी वाजवली आणि ओरडले, "हाइटवाइज!" गाव पोट धरून हसलं, पण हसत हसत तसं बसलं. बसल्यावर कळलं की सगळ्या बायका पुढच्या रांगेत आल्यात आणि आता त्यांना उठवायचं म्हणजे घरी जेवण मिळायचं नाही.

फौजी मूळचे पौडी गढवालचे, तिकडच्या पहाडातले. फौजेत हवालदार होते. पाय मोडून पुण्याच्या इस्पितळात पडले, तिथं आमच्या गावची कमल कामाला होती. पाय बरा झाला आणि लग्नही झालं. पेन्शन सुरू झाल्यावर फौजी तिच्या आजारी वडलांसाठी इथं आले, ते इथलेच झाले. त्यांचं मराठी कमलताईंकडून शिकलेलं, म्हणून चांगलं खणखणीत मराठवाडी. फक्त राग आला की पहाडात जातं.

गावाच्या लेकीचा नवरा म्हणून सगळ्या गावाचेच ते जावई. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या त्यांना बघून डोक्यावर पदर घेतात. त्यांच्यासमोर कुणी शिवी देत नाही. आणि या मानाचा फौजींनी असा काही वापर केला की कुठल्या आमदाराला सुचायचं नाही.

नाली तुंबली की बाकीचे मेंबर अर्ज लिहायचे. फौजी फावडं घ्यायचे आणि धोतरवाल्यांच्या पारासमोर जाऊन एकटेच नाली उपसायला लागायचे.

"अवो जावईबापू! ठिवा की ते फावडं! लोक काय म्हन्तील आमाला?"

"लोक बगतील, जावई नाली काढायलाय. दुसरं काय?"

"लय झालं, आना इकडं!"

चार जण फावडं ओढून घ्यायचे, आठ जण मदतीला यायचे. अर्ध्या तासात नाली साफ. फौजी बाजूला उभं राहून मिशी पुसायचे आणि चहा घ्यायचे. तोही गावाचाच.

मी इथली नव्हे. मी देवगडकडची. आठवीत शाळा सुटली. नवरा रेल्वेत, पिंगळी स्टेशनच्या बाजूला रुळांवर कामाला, म्हणून आम्ही इथं भाड्याच्या खोलीत. मला काळजी करायची सवय आहे. दूध उतू जाईल, नवरा वेळेवर रुळावरून बाजूला होईल की नाही, आपण काही बोललो तर हे लोक हसतील. शेवटच्या काळजीपायी मी वर्षभर कुणाशी धड बोललेच नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला नळाला पाणी येणं बंद झालं. मी लांबून घागरी आणायची. एकदा फौजींनी बघितलं आणि ग्रामसभेत थेट माझ्याकडे बोट केलं. "रिपोर्ट!"

फौजींना कुणी रडगाणं सांगितलेलं चालत नाही. काय झालं, कधीपासून, किती जणांना, एवढंच सांगायचं. मी उठले. माझ्या तोंडून सगळं माझ्या गावच्या बोलीत आलं. मागे उंच माणसं खदखदून हसली. फौजींनी शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की बाहेरची शेळी दावं तोडून पळाली.

"हसायची परवानगी दिली न्हाई! बाई बरोबर बोलायलीय. आठ दिवस, सात घरं, पानी न्हाई. रिपोर्ट पूर्ण. बसा."

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. पण खरं सांगते, मला पाण्यापेक्षा त्या "रिपोर्ट पूर्ण"चंच जास्त वाटलं. शाळेत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कमलताई गेल्या. त्यानंतर फौजींच्या पुतण्याचे पहाडातून फोन यायला लागले, काका, आता तिथं कोण आहे, परत या. फौजींनी पारावर जाहीर केलं, "या इलेक्शनला उभा ऱ्हातो. निवडून आलो तर ऱ्हायलो. हरलो तर समजतो, ड्यूटी संपली. पहाडात परत." माझ्या काळज्यांत ही नवी भर पडली आणि बाकीच्या सगळ्या तिच्यामागे रांगेत उभ्या राहिल्या.

समोर दर खेपेसारखा उभा होता दिगंबर, कमलताईंचा धाकटा भाऊ. याला सायकल शिकवली ती फौजींनीच. दिगंबर सकाळी दाजींच्या पाया पडायचा आणि संध्याकाळी भाषण करायचा, "दाजी देवमानूस हायेत. पन जावयाला मान द्यायचा असतोय, मत न्हाई!" टाळ्या पडायच्या. फौजीही वाजवायचे, कारण भाषण ऐकायला ते पहिल्या रांगेत असायचे. उंचीचा नियम तेव्हा ते स्वतःच मोडायचे. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दिगंबर रीतीप्रमाणे त्यांच्याही दारात आला.

"दाजी, लक्ष असू द्या."

"असू दिऊ. पन आधी कॉलर नीट कर. असा मेंबर दिसतोय का?"

मतमोजणी झाली. दोघांना सारखी मतं. अधिकाऱ्यांनी चिठ्ठी काढली. नाव निघालं दिगंबरचं. फौजींनी त्याला कडक सलाम ठोकला आणि गुलाल उधळत आलेल्या पोरांना ओळीत चालायला लावलं. मग पारावर चहा पिता पिता सहज म्हणाले, "माझं मत मी दिगूलाच दिलतं."

पारावर सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"अगागा! जावईबापू, सोताला न्हाई दिलं? त्या एका मतानं निवडून आला असता की तुमी!"

"फौजेत सोताचं प्रमोशन सोता लिहीत न्हाईत."

सगळे हसले. तत्त्वाचा माणूस पण येडा, असं ठरवून घरोघर गेले. मला मात्र हसू येईना. दुसऱ्या दिवशी माहेरहून आलेल्या नारळाच्या वड्या केल्या आणि डबा घेऊन फौजींच्या घरी गेले. ते ओट्यावर बूट पुसत बसले होते. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मतापेक्षा मोठी चूक माझी आहे. माझं मत तुम्हाला पडलंच नाही. माझं नाव अजून देवगडकडच्या यादीत आहे."

"का?"

"तिकडं यादीत बाबांचं नाव होतं, मग आईचं, मग माझं. बाबांचं गेलं. माझंही काढलं तर आईच्या खाली कुणीच राहत नाही."

मला वाटलं, आता शिट्टी. पण ते बराच वेळ एकच बूट पुसत राहिले.

"कमलचं नाव मीच कमी केलं. फॉर्म भरला, सही केली," ते म्हणाले. "ती दर खेपेला दिगूलाच मत द्यायची. मी उभा असलो तरी. तोंडावर सांगायची, 'तुमाला जेवू घालते की रोज. मत भावाला.' मी लय भांडलो, ऐकली न्हाई. आता यादीत ती न्हाई. मंग दिगूचं एक मत कमी करायचं का? मशिनसमोर उभा ऱ्हायलो, आन् तिचं मत टाकलं."

"आणि तुमचं?"

"मानसाला एकच असतंय ना."

मी विचारलं, "मग आता पहाडात जाणार?"

"बोलून तर बसलो." त्यांनी बूट खाली ठेवला. "पन पाच सालानं पुन्ना इलेक्शन हाय. मी पहाडात गेलो तर इथं तिचं मत कोन टाकनार?"

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. नाव इकडं आणते म्हटलं. तिच्या मागे आमचा कोंबडा ओरडल्याचं ऐकू आलं. मग तिनं एवढंच विचारलं, "थंय तुका वळाखतत मा गो?"

"होय आई," मी म्हटलं. "वळाखतत."